पाकिटाची मागची बाजू

पुण्याच्या सहकारनगर भागात राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते. १२ वर्षं त्या दर तीन आठवड्यांनी केसांना डाय लावत होत्या, कधी घरी, कधी पार्लरमध्ये. यंदा गौरींच्या आदल्या दिवशी डाय लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून कपाळ, कान आणि मान खाजू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात, डोक्यातून लस येऊ लागली. गोळ्या-मलमांनी दोन आठवड्यांत उतार पडला, पण डॉक्टरांनी ‘यापुढे डाय बंद’ असं बजावलं. आता पाच आठवड्यांवर मुलीचं लग्न आहे. नणंदबाईंनी ‘हर्बल काळी मेंदी’ची दोन पाकिटं आणून दिली आहेत. त्या स्वतः ती आठ वर्षं लावतात, त्यांना कधी काही झालं नाही. ताई विचारतात : “ही नैसर्गिकच आहे, मग लावायला हरकत नाही ना? विहीणबाईंचे केस काळेभोर आहेत. फोटोंत मी एकटीच म्हातारी दिसायला नको. यजमानांनी निवृत्तीनंतर डाय सोडला, त्यांना पांढरे केस शोभतात. पण पुन्हा तसं झालं तर लग्नात उभी कशी राहू, याची धास्ती वाटते.”

प्रिय ताई,

ते पाकीट अजून फोडलं नसेल तर फोडू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधी वनस्पती शिकवल्या, आणि माझ्या स्वतःच्या केसांना गेली बरीच वर्षं पानांचाच रंग आहे. त्यामुळे पानाचं काय आणि पाकिटाचं काय, एवढं मी सांगू शकते. तुमच्या त्वचेचा शेवटचा शब्द मात्र त्वचारोगतज्ज्ञांचाच.

गौरींच्या वेळी तुम्हाला जे झालं ते बहुधा पीपीडीमुळे. पॅरा-फेनिलिनडायअमीन असं त्याचं पूर्ण नाव. केस पक्के काळे करणाऱ्या बहुतेक डायमध्ये हे किंवा याचं एखादं भावंड असतं. ‘बहुधा’ म्हणते, कारण खात्री तपासणीनंतरच होईल. पण डायनंतर एक-दोन दिवसांनी कपाळ, कान, मान आणि पापण्या, हा क्रम अगदी ओळखीचा आहे. पापण्यांची कातडी सगळ्यात पातळ, म्हणून डाय डोक्याला लागतो आणि सूज डोळ्यांवर येते. शिवाय ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. मधे एक-दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात आपण खापर वांग्याच्या भाजीवर फोडून मोकळे होतो. तुम्हाला कारण वेळेवर कळलं, हे चांगलं झालं.

नणंदबाईंना आठ वर्षांत काही झालं नाही, हा तुमचा मोठा आधार दिसतो. पण ताई, तुम्हालाही १२ वर्षं काही झालं नव्हतं. ही ॲलर्जी जन्मतः नसते. शरीर तो पदार्थ पुन्हा पुन्हा भेटून ओळखायला शिकतं, कुणाचं पहिल्या-दुसऱ्या वेळी, कुणाचं कित्येक वर्षांनी, कुणाचं कधीच नाही. एकदा शिकलं की सहसा विसरत नाही. पुढची भेट थोड्या रंगानंही जास्त जोरात होऊ शकते. तेव्हा नणंदबाईंच्या डोक्यावरून तुमच्या डोक्याचा निर्णय घेता येणार नाही. नणंदबाईंनी तरी बेफिकीर का राहावं, असं मला वाटतं, पण तो त्यांचा प्रश्न.

आता पाकीट हातात घ्या आणि मागची बाजू बघा. पुढच्या बाजूला पानं, आवळे, जास्वंदीचं फूल असेल. मागे बारीक अक्षरांत घटकद्रव्यं असतात. वाचता येत नसतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. मेंदी, आवळा, शिकेकाई, माका यांच्या रांगेत कुठेतरी पॅरा-फेनिलिनडायअमीन, टोल्युईन-२,५-डायअमीन, रेसॉर्सिनॉल, बेरियम पेरॉक्साइड, सोडियम परबोरेट यांपैकी काही दिसलं, तर ती मेंदी घातलेली डाय पावडर आहे, मेंदी नव्हे. पीपीडी असलेल्या डायवर एक इशारा छापणं आपल्याकडे नियमानं बंधनकारक आहे : आधी त्वचेवर चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हा मजकूर ज्या पाकिटावर असेल ते तुमच्यासाठी नाही, पुढे ‘हर्बल’ किती का मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेना. आणि जिथे घटकांची यादीच नाही, ते पाकीट तर कुणीच घेऊ नये.

यादी खरी नसली तर? त्यासाठी वेळ बघायची. मेंदीच्या पानाला घाई जमत नाही. ‘अर्ध्या तासात काळेभोर केस’ असं लिहिलं असेल तर ते काम पानाचं नाही. शुद्ध मेंदीची पावडर हिरवट-मातकट असते, तिला वाळक्या गवतासारखा वास येतो आणि ती केशरी-तांबडाच रंग देते. काळी मेंदी नावाचं झाडच नाही. मुळात काळपट दिसणाऱ्या पावडरीत काहीतरी मिसळलेलं असतं. माझ्या वर्गात मी पांढऱ्या लोकरीचा धागा मेंदीत बुडवून ठेवायला लावत असे, कारण लोकर आणि केस एकाच प्रथिनाचे, केराटिनचे. तास-दोन तासांत धागा केशरी झाला तर पान. पाऊण तासात काळा झाला तर दुसरं काही. ही परीक्षा घरीही करता येते, पण तुम्ही स्वतः करू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला नायट्राइलचे हातमोजे घालून करू द्या.

पार्लरमधून तुम्हाला आणखी दोन शब्द ऐकू येतील, म्हणून लगेच सांगते. ‘अमोनिया-फ्री’ म्हणजे अमोनिया नाही, पीपीडी असू शकतं. आणि ‘पीपीडी-फ्री’ रंगात पुष्कळदा त्याचं ते टोल्युईनवालं भावंड असतं. पीपीडी न चालणाऱ्या बऱ्याच जणांना तेही चालत नाही.

मग खऱ्या पानांनी केस रंगवता येतात का? येतात, आणि चांगले येतात. फक्त पान काय करू शकतं आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवं. मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसाच्या केराटिनला घट्ट चिकटतं, म्हणून मेंदी शांपूनं उतरत नाही, केस वाढेल तशी खाली सरकते. केसाचा मूळचा रंग ती काढत नाही. वरून झिरझिरीत केशरी पडदा सोडल्यासारखं होतं. काळ्या केसावर तो जेमतेम दिसतो, पांढऱ्यावर झगझगीत. तुमचे केस निम्म्याहून अधिक पांढरे असतील तर नुसत्या मेंदीनं डोकं केशरी दिसेल. ते कुणाला आवडतं, कुणाला नाही.

काळ्याकडे जायचं तर दुसरं पान लागतं, निळीचं. बाजारात ते इंडिगो पावडर म्हणून मिळतं. (वाण्याकडची कपड्यांची नीळ ही निराळी वस्तू आहे, ती डोक्याला लावायची नाही. हा घोळ झालेला मी पाहिला आहे.) पानात निळा रंग तयार नसतो. ओल्या पावडरीत तो सुटायला लागतो आणि हवा लागली की निळा होतो. आधी मेंदीचा केशरी, त्यावर हा निळा, असं मिळून काळ्याच्या जवळ जाणारा रंग येतो. दोन्ही लेप एकत्र कालवून लावले तर तपकिरी छटा येते. निळीचं प्रमाण वाढवाल तसा तपकिरी गडद होतो. चोपन्नाव्या वर्षी चेहऱ्याला कोळशासारख्या काळ्यापेक्षा गडद तपकिरी जास्त शोभतो, असं माझं मत आहे.

आवळा, माका, जास्वंद यांनी केस मऊ होतील, चमकतील, पण पांढरा केस त्यांनी काळा होत नाही. आजीच्या लोखंडी कढईची गोष्ट मात्र खरी. आवळा आणि चहा यांतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांनी कापड काळं करतात ते याच तत्त्वावर. कढईत रात्रभर भिजलेली मेंदी म्हणूनच जरा गडद चढते. पण केसांवर लोखंडाचा अंश राहतो, त्यामुळे पुढे कधी ब्लीच करायचं मनात असेल तर कढई टाळा. घरगुती काळ्या तेलाच्या एखाद्या कृतीत बिब्बा दिसला तर ती कृती तिथेच बाजूला ठेवा. बिब्बा उतला की कातडीवर कसे फोड येतात ते गावाकडच्या कुणालाही विचारा. तोही नैसर्गिकच आहे. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर तुम्ही जो भार टाकला आहे तो त्याला पेलणारा नाही, म्हणून हे सांगितलं. मेंदी आणि निळीचीही ॲलर्जी होऊ शकते. क्वचित होते, पण होते. आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं त्यांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, मेंदीनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. घरात तसं कुणाचं निदान झालेलं असेल तर मेंदी लावायची नाही.

तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत, पण पहिला आठवडा वाया घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच टेस्टबद्दल बोला. आपल्याकडे ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, खासगी डॉक्टर तर पुष्कळ आहेत. टेस्ट कुठे होते ते फोनवर विचारून मग जा. पाठीवर पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा बघतात आणि पुन्हा दोनेक दिवसांनी बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर तसं आधी सांगा, नाहीतर खोटा ‘काही नाही’ येऊ शकतो. गौरींच्या वेळच्या डायचं खोकं असेल तर न्या, या काळ्या मेंदीचं पाकीटही न्या. पीपीडीचं नक्की झालं तर ते कागदावर लिहून घ्या आणि पुढे दाताचे किंवा इतर कुठलेही डॉक्टर औषध देतील तेव्हा दाखवा. काही भूल देणाऱ्या मलमांशी आणि सल्फा गटातल्या औषधांशी या ॲलर्जीचं नातं असू शकतं.

डॉक्टर ‘पानं चालतील’ म्हणाले तरच पुढे जायचं. फक्त मेंदीचं पान आणि फक्त निळीचं पान, एवढाच घटक छापलेली वेगवेगळी पाकिटं घ्या. मंडईच्या बाजूच्या काष्ठौषधींच्या दुकानांत सुटी पावडर मिळते, मलाही ती दुकानं फार आवडतात, पण तुमच्या बाबतीत सुटं नको. बंद पाकीट, त्यावर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि तारीख हवी. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ‘सोजत’ एवढा शब्द छापलेला बघून थांबू नका, मागची बाजू वाचाच. दोन्हींचा थोडा थोडा लेप कोपराच्या आतल्या बाजूला दोन वेगळ्या ठिकाणी लावा, वाळला की धुवा आणि पूर्ण दोन दिवस वाट बघा. याच आठवड्यात कंगव्यात आलेले पांढरे केस जमवून त्यांवर रंग करून बघा. किती वेळ ठेवल्यावर कोणती छटा येते हे त्या झुपक्यावर कळतं आणि डोक्यावरचा पश्चात्ताप वाचतो.

काहीही खाजलं नाही तर लग्नाआधी अडीच-तीन आठवड्यांच्या सुमारास पहिला पूर्ण रंग करा. आदल्या दिवशी केस शांपूनं स्वच्छ धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडची ‘आधी तेल, मग मेंदी’ ही सवय पांढऱ्या केसांच्या मुळावर येते, तेलकट केसावर रंग चढत नाही. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण २०० ग्रॅम मेंदी लागते. कोमट पाण्यात किंवा चहाच्या पाण्यात थोडं लिंबू पिळून दह्याइतकी दाट कालवा आणि सात-आठ तास झाकून ठेवा. आता थंडी पडायला लागली आहे, तेव्हा रात्रभर ठेवलीत तरी चालेल. सकाळी हातमोजे घालून लावा, दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्यानं धुवा. मग निळीची पाळी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

निळीचे नियम मेंदीच्या उलटे आहेत आणि तिथेच सगळे चुकतात. लिंबू नाही, दही नाही, रात्रभर भिजवणं नाही. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, दहा-पंधरा मिनिटं. वरच्या थरावर निळसर झाक दिसली की लगेच लावायची, कारण तासाभरात तिचा जोर कमी होतो. दीड-दोन तासांनी पाण्यानं धुवा. केस त्या दिवशी हिरवट दिसतील. मी पहिल्या वेळी ते बघून घाबरून शांपू केला होता आणि रंग निम्मा धुऊन टाकला होता. तुम्ही दोन दिवस शांपू लावू नका. हवेनं रंग आपोआप गडद होत जातो. कपाळापाशी आणि कानशिलांपाशी पहिल्या खेपेला रंग कमी धरतो, तिथे आठवड्यानं पुन्हा हात फिरवा. लग्नाच्या चार-पाच दिवस आधी एकदा फक्त मुळांना लावलंत की पुरे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा पांढरी रेघ जेमतेम नखाएवढी असेल. थंडीत ओला लेप घेऊन बसल्यानं डोकं जड होत असेल तर दुपारी गच्चीत उन्हाला बसा. आणि एवढं लक्षात ठेवा की निळीवर नंतर ब्लीच केलं तर केस हिरवे पडू शकतात. हा रस्ता धरला की पार्लरच्या हायलाइट्सचा रस्ता बराच काळ बंद.

कुठल्याही टप्प्यावर खाज, आग किंवा लाली आली तर तिथेच थांबायचं. भरपूर पाण्यानं धुवायचं आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट इमर्जन्सीत.

आता पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. ‘यजमानांना पांढरे केस शोभतात’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही एकाच घरात, एकाच आरशासमोर दोन मापं ठेवली आहेत, आणि तुमच्या वाट्याचं माप इतकं कडक आहे की डोळे बंद होईपर्यंत सुजल्यानंतरही तुम्ही आधी ‘फोटोत कशी दिसेन’ असं विचारता आहात. हा दोष मी तुम्हाला देत नाही. आपल्या सगळ्यांच्या कानांवर लहानपणापासून हेच पडलं आहे. पण मुलीला विचारलंत का? नुसतं एकदा विचारून बघा, की मी केस असेच ठेवले तर तुला कसं वाटेल. तिच्या उत्तरानं निर्णय बदलेल न बदलेल, पण निदान तुम्ही ज्या प्रश्नावर एकट्याच ‘लोकां’शी भांडता आहात तो घरात तरी बोलला जाईल. विहीणबाईंचे केस कशानं काळे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्यांनाही कुणीतरी हेच माप लावत असणार.

आणि डॉक्टरांनी पानांनाही नकार दिला तर? तेव्हा चांगल्या हाताकडून केस नीट कापून घ्या. डायचं जुनं टोक जितकं कमी राहील तितकी मधली रेघ कमी दिसते. अंबाडा आणि भरगच्च गजरा यांत निम्मं डोकं झाकलं जातं. फोटोपुरतं काही हवंच असेल तर मुळांवर लावायच्या, रात्री धुऊन जाणाऱ्या रंगकांड्या मिळतात. त्यांचीही मागची बाजू वाचायची आणि डॉक्टरांना दाखवायची. नवीन काहीही लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा लावायचं नाही, मग ते पान असो की क्रीम.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती माझ्या मनातून जात नाही. लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम असेलच. ‘तासाभरात काळी रंगते’ असे कोन बाजारात मिळतात आणि त्यांत पीपीडी घातलेलं सापडलेलं आहे. खरी मेंदी काढल्यावर तळहात आधी केशरी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. तुमच्या हाताला तो काळा कोन लागला तर गौरींच्या वेळचं सगळं हातावर परत येऊ शकतं. मुलीला आज काही झालं नाही तरी तिच्या शरीराची ओळख तिथून सुरू होऊ शकते, आणि तिची डाय लावायची वर्षं अजून पुढे आहेत. मेंदीवालीला आजच फोन करा. कोन ती स्वतः भरते की विकत आणते ते विचारा, आणि स्वतः भरत असेल तर पावडर, निलगिरीचं तेल आणि साखर यांपलीकडे त्यात काय घालते, तेही विचारा.